फर्मास आणि फर्माईश

'आज फर्मास बेत आहे' असे म्हणताना आपण फारसीच्या घरातला शब्द वापरतो, हे मराठी माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. फर्मान, फर्मावणे, फर्मास, फर्माईश ही सारी एकाच कुळातली भावंडे. मूळ अर्थ हुकूम देणे. सांगून, खास करवून घेतलेली वस्तू चांगलीच निघणार, म्हणून मराठीत ती फर्मास ठरली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे हा शब्द वर्गात मुद्दाम सांगतो. उर्दू आणि मराठी एकमेकींच्या कोण लागतात, हे मुलांना धड्यापेक्षा अशा एका शब्दातून लवकर पटते.

इथे विषय आहे तो गाण्याच्या फर्माईशीचा. एके काळी ती राजे-नवाब करीत. विसाव्या शतकाच्या मध्याला ती सायकल दुरुस्त करणारा, विड्या वळणारी बाई आणि कॉलेजातली पोरे पोस्टकार्डावर लिहून करू लागली. हुकूम देण्याचा हक्क दरबारातून पोस्टाच्या पेटीपर्यंत आला, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि तो सुखासुखी आलेला नाही.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, विद्वान, शास्त्रीय संगीताचे खरे चाहते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान मिळाले, हे मान्य करायलाच हवे. परंतु चित्रपटगीत त्यांना हलके वाटे. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे ठरवून ते सांगणे बंद झाले. निर्माते रागावले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. साहजिकच ऐकणाऱ्यांनी रेडिओची सुई कोलंबोकडे फिरवली. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेले शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपण केंद्र रेडिओ सिलोनला मिळाले होते. त्याचा आवाज सबंध हिंदुस्थानात पोहोचे.

त्याच १९५२ साली 'बैजू बावरा' पडद्यावर आला. त्यातली गायनाची जुगलबंदी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांनी गायिली. हे पलुस्कर जन्माने नाशिकचे, १९२१ सालचे. वडील विष्णू दिगंबर यांचा रामनाम आधार आश्रम पंचवटीत, म्हणजे आमच्यापासून गोदावरीच्या पलीकडे. संगीत नौशाद यांचे, गीते शकील बदायुनी यांची, आणि त्यातली भक्तिगीते मोहम्मद रफींच्या गळ्यातून घरोघरी गेली. आता केसकरसाहेबांच्या चाळणीतून हे कसे गाळायचे? पलुस्करांचा ख्याल तेवढा उच्च आणि त्याच गळ्यातली जुगलबंदी चित्रपटात आली म्हणून हलकी? आम्हांला तर वाटते, संगीताच्या अशा उतरंडी रचणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांना कधी विचारलेच नाही.

विचारले ते अमीन सयानी यांनी. ३ डिसेंबर १९५२ रोजी सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि विमानाने कोलंबोला जाई. सयानी सांगत असत की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे गाण्यांची क्रमवारी लागू लागली. त्यासाठी रेकॉर्डच्या खपाबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचे मतही धरले जाई. बुधवारी रात्री आठ वाजता कोणते गाणे कोणत्या पायदानावर, यावर पैजा लागत.

सयानींच्या जिभेवरची ती सोपी, गोड हिंदुस्थानी कुठून आली, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढीत. भाषा एक, लिप्या तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. मुलगा त्या कामात आईला मदत करी. अवघड शब्द टाकून सर्वांना कळेल असे बोलायचे, ही तालीम त्यांना घरातच मिळाली. लिपीवरून भाषा तोडणाऱ्यांना 'रहबर'चा एकेक अंक दाखवावा, असे आम्हांला अनेकदा वाटते.

सरकारलाही शेवटी नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते परत आली. 'मनचाहे गीत', फौजी बांधवांसाठी 'जयमाला', मराठीत मुंबई केंद्राची 'आपली आवड', पुढे दिल्लीहून उर्दू सर्व्हिसचा 'तामील-ए-इरशाद'. (शीर्षकातच पाहा, हुकमाची तामिली!) झुमरी तलैया हे गाव नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसलेल्यांनाही त्याचे नाव तोंडपाठ झाले, ते तिथल्या रसिकांच्या पत्रांमुळे. पाकिटावर चिकटवायची तिकिटे आमच्या नाशिकरोडच्या छापखान्यातली, एवढा वाटा आमच्या शहराचाही होता.

या कार्यक्रमांत गाण्याआधी नावे वाचली जात. एका दमात सलीम, सुनंदा, जोसेफ, गुरमीत आणि त्यांचे सर्व मित्रमंडळ. ही माणसे एकमेकांना कधी भेटणार नव्हती, पण त्यांची आवड एक निघाली होती. तीन मिनिटांपुरता त्यांचा एक मोहल्ला होई. मोहल्ले अलग होत गेले त्या काळात हे वाचन चालू होते, हे विसरून चालणार नाही.

आमची द्वारका ही श्रीकृष्णाची नव्हे, नाशिकची चौफुली. मुंबई-आग्रा रस्त्याला इथे पुण्याचा रस्ता मिळतो. आता वर उड्डाणपूल आहे. वडीलधारी माणसे सांगतात, पूर्वी चहाच्या हॉटेलात रेडिओ उंच फळीवर असे आणि त्याखाली उत्तरेचे ट्रकवाले, भाजीचे बागवान, कचेरीतले कारकून एकत्र बसत. ज्याला लावणी हवी त्याला आधी कव्वाली ऐकावी लागे. न मागितलेले गाणे कानावर पडून आवडायला लागते, ते असे.

आता एक नाजूक बाब. संगीत जायज की नाजायज हा वाद आमच्या समाजात जुना आहे. काही घरांत रेडिओ आजोबा नमाजला गेल्यावरच लागे. दुसरीकडे चिश्ती परंपरेत समा आहे, उरुसात कव्वाली आहे. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ हजेरी लावीत. १९३७ साली ते वारले, दफनही तिथेच झाले, आणि उरुसातली संगीत सभा त्यांच्या नावाने चालू राहिली. किराण्याचे हे खाँसाहेब मराठी नाट्यपदे गायले, त्यागराजांची कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. वाद करणाऱ्यांनी वाद करावा. खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून मग करावा, इतकेच आमचे म्हणणे.

'गीतमाला' १९९४ साली थांबली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी गेले. त्या आठवड्यात मधल्या सुटीत आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी मोबाईलवर 'बैजू बावरा'ची जुगलबंदी लावली. चहा गार झाला. ती संपताच मराठी शिकवणाऱ्या बाईंनी वही मिटली आणि पुढची फर्माईश सांगितली: खाँसाहेबांचे नाट्यपद.