मंदिर गेले, नोंद उरली : काढून टाकलेले ॲप यादीत का राहते?

१/
फोनमधून एखादे ॲप काढून टाकले, तरी स्टोअरच्या लायब्ररीत त्याचे नाव तसेच राहते. कधीतरी दोन दिवस खेळलेला खेळ, एकाच प्रवासापुरते घेतलेले तिकिटांचे ॲप, परीक्षेच्या काळातली प्रश्नसंच देणारी चार-पाच ॲप्स. फोनमध्ये यांपैकी एकही नाही, यादीत मात्र सगळी आहेत. असे का होते? ती नावे पुसता येतात का? आणि पुसावीत का? या प्रश्नांच्या इतिहासाचा हा धागा. सुरुवात मात्र फोनपासून नाही, कोल्हापूरच्या जोतिबा डोंगरापासून.

२/
कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरी हे गाव आहे. दख्खनचा राजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोतिबाचे हे ठाणे. चैत्र पौर्णिमेला येथे गुलालाने डोंगर माखतो, उंच सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो. भाविक ज्या देवळात माथा टेकतात, ते राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हे मूळ पुरुष.

३/
पण ते या जागेवरचे पहिले देऊळ नव्हे. मूळ मंदिर कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी साया नावाच्या भक्ताने बांधले, असे परंपरा सांगते. ते मंदिर आज नाही. त्याच जागी राणोजींचे मंदिर उभे राहिले. तरीही नावजीचे नाव पुसले गेले नाही. ते लोकांच्या आठवणीत राहिले आणि इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्येही आले.

४/
याच आवारात पुढे भर पडत गेली. चोपडाईचे देऊळ १७५० मध्ये प्रीतिराव चव्हाण हिंमतबहाद्दर यांनी बांधले, रामलिंगाचे १७८० मध्ये मालजी निळम पन्हाळकर यांनी, तर केदारेश्वराचे १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी. प्रत्येक वास्तूमागे एक नाव आणि एक साल आहे. नावजीच्या बाबतीत मात्र वास्तू नाही, फक्त नाव आहे. वस्तू नाहीशी होणे आणि तिची नोंद नाहीशी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे या डोंगरावर स्पष्ट दिसते.

५/
हा भेद मराठी मुलखातल्या दफ्तरांनी काटेकोरपणे पाळला. सातबाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. जमीन विकली गेली, खातेदार वारला, कर्ज फिटले, तरी जुने नाव खरवडून काढत नसत. फेरफाराची नोंद होई, हितसंबंधितांना नोटीस जाई, मंडल अधिकारी ती प्रमाणित करी आणि मग जुन्या नावाला कंस पडे. कंसातले नाव रद्द झालेले असे, पण वाचता येई. २०२० मध्ये महाराष्ट्रात सातबाऱ्याचा नवा नमुना आला, तेव्हा कंसाऐवजी त्या नावावर आडवी रेष आली. नाव तेव्हाही वाचता येण्याजोगेच राहिले.

६/
म्हणजे कोणत्याही नोंदवहीत तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात : वस्तू, नोंद आणि हक्क. सातबाऱ्यातल्या कंसात हक्क जातो आणि नोंद उरते. ॲपच्या लायब्ररीत नेमके उलटे घडते. फोनमधली वस्तू जाते. नोंद उरते आणि बहुधा हक्कही उरतो. ही रचना कोणाच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. ग्राहकांच्या एका जुन्या तक्रारीचे ते उत्तर होते.

७/
ॲपलचे आयट्यून्स म्युझिक स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी सुरू झाले. गाणे विकत घेतले की ते एकदाच उतरवून घेता येई. संगणकाची हार्ड डिस्क बिघडली आणि प्रत काढून ठेवलेली नसली, तर गाणे गेले ते गेलेच. ते पुन्हा विकत घ्यावे लागे. दुकानदाराकडून आणलेली कॅसेट हरवली तर तो दुसरी फुकट देत नाही, त्यातलाच हा प्रकार. वस्तू गेली की हक्कही गेला.

८/
त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम सुरू झाले. तेथे पुढे वेगळी रीत रुळली : खेळ खात्याला जोडलेला असतो, संगणकाला नाही. संगणक बदलला, खेळ काढून टाकला, तरी खात्याच्या लायब्ररीत त्याचे नाव राहते आणि तो पुन्हा उतरवून घेता येतो. ‘लायब्ररी’ या शब्दाला मिळालेला हा नवा अर्थ होता. कपाटात असलेल्या पुस्तकांऐवजी आता तो मागवता येण्याजोग्या पुस्तकांच्या यादीला लागू झाला.

९/
१० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्ससह उघडले. २२ ऑक्टोबर २००८ रोजी अँड्रॉइड मार्केट आले. ६ मार्च २०१२ पासून तेच गूगल प्ले या नावाने ओळखले जाऊ लागले. एकदा घेतलेले ॲप पुन्हा पैसे न देता उतरवता यावे, हे येथे आरंभापासून गृहीत होते. जून २०११ मध्ये ॲपलने हीच सोय गाण्यांनाही दिली आणि जुन्या खरेदीची यादी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आली.

१०/
यादी समोर आली आणि नवी अडचण उभी राहिली. आठवणीतून गेलेले, कधीकधी लाज वाटावी असेही सगळे तीत दिसू लागले. २०१४ मध्ये ॲपलने कुटुंबातल्या सदस्यांना एकमेकांची खरेदी वापरण्याची सोय दिली, तेव्हा तर ही यादी घरातल्या इतरांनाही दिसू लागली. ॲपलने यावर काढलेला तोडगा ‘लपवणे’ हा होता. नाव यादीतून दिसेनासे होते. पण लपवलेल्या खरेदीची वेगळी यादी खात्यात राहते आणि तेथून ते परत आणता येते. हा कंसच म्हणायचा, फक्त घडी घालून आत ठेवलेला.

११/
गूगल प्लेने दुसरी वाट धरली. तेथे प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवून ॲप्स आणि डिव्हाइस व्यवस्थापनात जावे, इंस्टॉल न केलेल्या ॲप्सची यादी निवडावी, नको असलेल्या नावांवर खूण करावी आणि कचरापेटीचे चिन्ह दाबावे. नावे यादीतून जातात. पैसे देऊन घेतलेल्या ॲपच्या खरेदीची नोंद मात्र व्यवहारांच्या इतिहासात राहते. स्टीमवर मदत विभागातून खेळ खात्यातून कायमचा काढता येतो; तेथे नोंदीबरोबर हक्कावरही पाणी सोडावे लागते. ‘काढा’ या एकाच शब्दाचे तीन ठिकाणी तीन अर्थ होतात.

१२/
आतापर्यंतची सारी उदाहरणे ग्राहकाने स्वतःहून नाव काढण्याची होती. दुकानदारानेच ते काढले तर काय होते, हे जुलै २००९ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेत ॲमेझॉनने विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. ज्याने त्या प्रती विक्रीस ठेवल्या होत्या, त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे कारण होते. पैसे परत मिळाले. तरी कपाटातले पुस्तक दुकानदार रात्रीतून उचलून नेऊ शकतो, हे लोकांना प्रथमच उमगले. ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी त्याच महिन्यात जाहीर क्षमा मागितली.

१३/
भारतात असा क्षण २०२० मध्ये आला. जयपूरच्या एका कंपनीने फोनमधली चिनी ॲप्स शोधून काढण्यासाठी एक ॲप केले आणि काही दिवसांतच ते ५० लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले. जूनच्या आरंभी गूगलने तेच स्टोअरमधून काढले, कारण दुसरी ॲप्स काढण्यास उद्युक्त करणे नियमात बसत नव्हते. ॲप्स काढणारे ॲपच काढले गेले. पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. गावोगावच्या मुलामुलींनी त्यावर मिळवलेली ओळख एका आदेशासरशी बंद पडली.

१४/
त्याच वर्षी जोतिबाच्या डोंगरावरही न घडलेले घडले. करोनामुळे २०२० आणि २०२१ ची चैत्र यात्रा भाविकांविना गेली. सासनकाठ्या गावीच राहिल्या. २ एप्रिल २०२० रोजी आलेले आरोग्य सेतू त्या दिवसांत कोट्यवधी फोनमध्ये शिरले आणि साथ ओसरल्यावर असंख्य फोनमधून निघूनही गेले. आज कोणी आपल्या लायब्ररीत न वापरलेल्या ॲप्सची यादी उघडली आणि आरोग्य सेतू, ऑनलाइन वर्गांचे ॲप, घरपोच किराण्याचे ॲप एकाखाली एक दिसले, तर ती टाळेबंदीची एक छोटी बखरच ठरते. तीत मत नाही, वर्णन नाही. फक्त नावे आहेत. पण दफ्तरेही बव्हंशी अशीच असतात.

१५/
पुण्याचे पेशवे दफ्तर हे त्याचे मोठे उदाहरण. त्यातल्या कागदांचा फार मोठा भाग जमाखर्च, पावत्या, याद्या असाच आहे. लिहिणाऱ्या कारकुनाला तो इतिहास वाटला नसावा. त्याला हिशेब जुळवायचा होता. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, आणि मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी पाने नव्याने लिहावी लागली. नको असलेला कागद कोणता, हे तो लिहिला जातो त्या दिवशी ठरत नाही.

१६/
मग यादी कधीच साफ करू नये का? तसे नाही. दफ्तर आणि खासगी यादी यांत एक मूलभूत फरक आहे. दफ्तर सार्वजनिक व्यवहाराची साक्ष असते. ॲप्सची यादी एका माणसाच्या सवयींची. आजारपण, कर्ज, विवाहासाठी स्थळांचा शोध, नोकरीची धडपड हे सारे तीत उमटते. फोन दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी ती यादी आवरणे हा खासगीपणाचा साधा हक्क आहे.

१७/
येथे एक मोठा गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. यादीतून नाव काढले म्हणजे माहिती पुसली गेली, असे होत नाही. ॲपमध्ये उघडलेले खाते, दिलेला फोन क्रमांक, छायाचित्रे आणि पत्ता त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर तसेच राहू शकतात. त्यासाठी आधी खाते बंद करावे लागते. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते, त्यातच ते बंदही करता आले पाहिजे, असा नियम ॲपलने ३० जून २०२२ पासून लागू केला. गूगलने तशीच अट एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केली. त्याच वर्षी संमत झालेल्या भारताच्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे.

१८/
म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी वर्गणी चालू असेल तर ती थांबवावी, कारण ॲप काढल्याने वर्गणी आपोआप थांबत नाही. मग खाते बंद करावे. त्यानंतर फोनमधून ॲप काढावे. यादीतले नाव सर्वांत शेवटी. लोक नेमके उलट करतात : दिसणारे नाव आधी पुसतात आणि न दिसणारी माहिती तशीच सोडतात. मग कोणत्या कंपनीकडे आपले काय आहे, हे आठवण्याचा दुवाही हातात उरत नाही.

१९/
जोतिबाच्या डोंगरावर राणोजींच्या देवळासमोर उभे राहणाऱ्याला नावजीचे देऊळ दिसत नाही. ते कसे होते, किती मोठे होते, हे डोळ्यांना कळायला मार्ग नाही. पण येथे आधी कोणीतरी होते, हे कळते. कारण नवे देऊळ उभे राहताना कोणी जुने नाव खोडले नाही. न वापरलेल्या ॲप्सची यादी साफ करण्यापूर्वी ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. जे जाण्याजोगे आहे ते जाऊ द्यावे, आणि एखादे नाव आठवणीसाठी राहू द्यावे. त्याला फोनमधली जागा लागत नाही.