दिवा कोणी लावला?

माउली, आपण पंढरीचे वारकरी, तसे दक्षिणेत शबरीमलैचे अय्यप्पाभक्त. केरळच्या घनदाट जंगलातलं हे स्थान. गळ्यात माळ, अंगावर काळं वस्त्र, 41 दिवसांचं व्रत, डोक्यावर इरुमुडीची शिदोरी, आणि शेवटी 18 पायऱ्या. माळ घातली की राजा असो वा रंक, हाक एकच : ‘स्वामी’! आपण एकमेकांना माउली म्हणतो ना? तसंच ते.

मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी पंदळम राजघराण्याकडचे देवाचे दागिने मंदिरात पोचतात. ते देवाला चढवून आरती होते, आणि दूर पोन्नंबलमेडूच्या डोंगरावर तीनदा ज्योत दिसते. एकच जयघोष उठतो! पुष्कळ वर्षं कित्येक भाविक मानत आले, की ही ज्योत आपोआप प्रकटते. विवेकवादी म्हणत, माणूसच ती पेटवतो. मग भांडण. हा म्हणे तू नास्तिक, तो म्हणे तू भोळा.

पुढे 2008 साली तिथल्या ज्येष्ठ तंत्रींनीच उलगडा केला. मकरज्योती म्हणजे आकाशात उगवणारा तारा, आणि डोंगरावर दिसतो तो मकरविळक्कु, माणसाने लावलेला. आता बघा, ‘विळक्कु’ म्हणजेच दिवा! नावातच सांगून ठेवलं होतं; आपणच ऐकलं नाही.

14 जानेवारी 2011 ला ज्योत पाहून परतताना पुल्लुमेडू इथे चेंगराचेंगरी झाली. शंभराहून अधिक यात्रेकरू गेले. त्याआधी 1999 साली त्याच तारखेला पंबेजवळ पन्नासहून अधिक गेले होते. 2011 च्या दुर्घटनेनंतर उच्च न्यायालयाने विचारलं, ही ज्योत दैवी की मानवी? देवस्वम मंडळाने सांगितलं, माणसंच लावतात. आसपासच्या डोंगरांतले मलअरय लोक तर म्हणतात, हा दिवा आमचे वाडवडील लावीत.

मग श्रद्धा बुडाली का हो? नाही बुडाली. आजही संक्रांतीला लाखो लोक तिथे हात जोडतात. आपल्या काकडआरतीचा काकडा कोण पेटवतो? पुजारीच ना? म्हणून आपले हात जोडायचे थांबतात का? हाताने लावलेला दिवा खोटा नसतो. तो हात झाकून ठेवला, म्हणजे मात्र खोटेपणा शिरतो. आणि शंका विचारणाऱ्याला पाखंडी ठरवलं, तर देवाच्या दारातच सत्याला मज्जाव केल्यासारखं होतं.

चमत्कार बघायला आलेला माणूस ज्योत दिसली की परत फिरतो. व्रत पाळणारा 41 दिवस जिभेवर, रागावर ताबा ठेवतो. त्याच्या आत जो दिवा लागतो, तो कुठल्याही न्यायालयाच्या उत्तराने विझत नाही. आणि त्या गर्दीत गेले त्यांच्यासाठी एवढंच मागू या : पुढच्या वर्षी दर्शन घेऊन निघालेला प्रत्येक जण सुखरूप घरी पोचो. भाविकाच्या जिवाची काळजी घेणं हीसुद्धा पूजाच आहे.

रामकृष्ण हरी!