‘सापडलं नाही’ म्हणजे काय? डहाणू-तलासरीचा इतिहास आणि ग्रंथालयातला शोध

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ग्रंथालयात शोध घ्यायला कसं शिकवावं, हा आजचा विषय. नुसता ऐकला तर कोरडा वाटेल, म्हणून आपण तो एका प्रदेशाला बांधून घेऊ. प्रदेश डहाणू आणि तलासरी, काळ १९४५ ते १९४७, म्हणजे वारल्यांच्या उठावाचा.

घटना थोडक्यात अशी. वेठ म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे बांधला गेलेला माणूस, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने मे १९४५ मध्ये झरी गावी परिषद भरली आणि या दोन्ही प्रथा झुगारायचं ठरलं. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले.

आता समजा, तलासरीकडची एक मुलगी एम. ए. च्या शोधनिबंधासाठी या विषयाकडे वळली. ती ग्रंथालयाच्या संगणकावर ‘तलासरी’ टाकते. फारसं काही येत नाही. ‘वारली’ टाकते, तर चित्रकलेची पुस्तकं येतात, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यावरची येतात. ती कला मोठीच आहे, पण हिला ती नको असते. मग निबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक ठरलेलं वाक्य येतं : ‘प्रस्तुत विषयावर फारसे साहित्य उपलब्ध नाही.’

या वाक्याशी आपण जरा थांबू. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे सवयीने विचारतो की हे ज्ञान झालं कशानं? आपल्या परंपरेत भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. एखादी वस्तू न दिसणं हेही तिच्या अभावाच्या ज्ञानाचं साधन होऊ शकतं. पण त्याला एक अट आहे. उजेडात जमिनीकडे पाहिलं आणि घागर दिसली नाही, तर ‘इथे घागर नाही’ असं म्हणता येतं. अंधारात दिसली नाही, तर म्हणता येत नाही. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तिलाच योग्य अनुपलब्धी म्हणतात. संशोधनाचं प्रशिक्षण म्हणजे आमच्या मते एवढंच : ‘सापडलं नाही’ म्हणण्याची योग्यता कमावणं.

आपल्या उदाहरणात उजेड कुठे कमी पडतो ते पाहू.

पहिली गोष्ट, गावांचा पत्ता बदलतो. आज डहाणू आणि तलासरी पालघर जिल्ह्यात आहेत, पण तो जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधी सगळं ठाणे जिल्ह्यात. १९४५ मध्ये तलासरीचा भाग उंबरगाव तालुक्यात मोडत होता. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. त्याहून मागे, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पाहाल, तर उंबरगाव हा डहाणूचाच पेटा आहे. म्हणजे एकाच गावाचा कागद शोधायला डहाणू, उंबरगाव, ठाणे आणि पालघर अशी चार दारं ठोठवावी लागतात. तालुका हलला तरी जुन्या फायलीवरचं नाव बदलायला कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. गॅझेटियरने वारली हा शब्द इंग्रजीत ‘व्ही’ने लिहिला, के. जे. सावे यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात ‘डब्ल्यू’ने. संगणकाला हे दोन वेगळे लोक वाटतात.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. या विषयावरची दोन मोठी साधनं अशी आहेत की त्यांच्या शीर्षकात ना ‘वारली’ आहे, ना ‘डहाणू’. एक, सनदी अधिकारी सिमिंग्टन यांचा १९३०च्या दशकाअखेरचा सरकारी अहवाल. त्याचं शीर्षक मुंबई प्रांतातल्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतल्या आदिम व डोंगरी जमातींबद्दल बोलतं. वेठ आणि लग्नाच्या कर्जातून येणारी गुलामी सरकारी कागदावर उठावाच्या आधीच आली होती, हे त्यात कळतं. दुसरं, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. नावावरून कोणाला वाटेल, वैचारिक निबंध असेल. ज्या बाईंच्या नावाने आज तलासरीत महाविद्यालय उभं आहे, त्यांचंच पुस्तक शब्द टाकून शोधणाऱ्याच्या हातून निसटू शकतं!

म्हणून शीर्षकावर भिस्त ठेवू नका. विषयवार नोंदी पाहा. एक चांगलं पुस्तक मिळालं की त्याची संदर्भसूची आधी वाचा. शोधगंगेवर प्रबंध मिळाला तर त्याचीही शेवटची पानं आधी उघडा. आणि ग्रंथपालाशी बोला. आपले विद्यार्थी ग्रंथपालाकडे फक्त पुस्तक परत करायला जातात. रंगनाथनांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे त्यातलं दुसरं. ते पाळायचं तर वाचकाने तोंड उघडून प्रश्न विचारायला हवा.

आता पुराभिलेखागार. मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, १८२१ पासूनची परंपरा असलेलं दफ्तर आहे. तिथे विषय विचारून भागत नाही, खातं विचारावं लागतं. जमीन आणि जंगल महसुलाकडे, सभाबंदी आणि अटक गृह खात्याकडे. एकच माणूस महसुलाच्या कागदात कूळ असतो आणि गृह खात्याच्या कागदात आरोपी. आमच्या कल्पनेतल्या मुलीला तिचा पणजोबा भेटलाच, तर बहुधा अशाच एखाद्या यादीत भेटेल, आणि ती यादी त्याने लिहिलेली नसेल. तेव्हा कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि का जपून ठेवला, हे तीन प्रश्न कागद उघडण्याआधी विचारायचे. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचा शब्द दफ्तरात दुसऱ्याच्या हाताने उतरतो. तो सोडवून घ्यायचा, तर गावात जाऊन म्हाताऱ्यांचंही ऐकावं लागतं. पण ती तारीख, तो दर, तो आकडा कागदाशी पडताळूनच.

अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच. डी. साठी संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात डेटाबेस आणि संशोधन-मापन आहे. ते हवंच. पण वाङ्मयचौर्य टाळायला शिकवणं वेगळं आणि शोध घ्यायला शिकवणं वेगळं. दुसरं शिक्षण एम. ए. च्या पहिल्या सत्रातच व्हावं, आणि ते वर्गात नव्हे, कपाटांपुढे.

एक साधी शिस्त सांगतो. शोधाची वही ठेवा. तारीख, ग्रंथालय, कोणती सूची, कोणता शब्द, कोणत्या स्पेलिंगने, काय मिळालं, काय नाही. ‘मिळालं नाही’ ही नोंद सर्वांत नीट करा. अशी वही असेल तरच ‘साहित्य उपलब्ध नाही’ या वाक्याला वजन येतं. नसेल तर ते नुसतं अंधारात पाहणं.

यात अंतराचाही प्रश्न आहे. डहाणू रोडहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. तलासरी गावात तर रेल्वे स्थानकच नाही. पहाटे निघालेल्या विद्यार्थिनीला दफ्तरात मोजके तास मिळतात. म्हणून घरून तयारी करून निघायचं. जुनी गॅझेटियर आता इंटरनेटवर आहेत, ती आधी वाचायची. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. जुन्या जिल्ह्याचं गाव ते, तिथे डोकावायचं. आणि विद्यापीठांनी ही सगळी यातायात विद्यार्थ्यावर सोडू नये. वर्षातून दोनदा एक गट शिक्षक आणि ग्रंथपालासह दफ्तरात नेणं काही फार खर्चाचं काम नाही.

पुढच्या वेळी आपण सिमिंग्टनचा अहवाल आणि परुळेकरांचं पुस्तक शेजारी ठेवून वाचणार आहोत. तोवर श्रोत्यांना एक गृहपाठ. आपापल्या गावाचा तालुका १८८२ पासून किती वेळा बदलला, ते शोधून या. आणि नाही सापडलं, तर कुठे कुठे शोधलंत, तेही लिहून आणा.