राल्फ गिन्झबर्ग आणि ‘इरॉस’ खटला

राल्फ गिन्झबर्ग (१९२९–२००६) हे न्यूयॉर्कचे संपादक, प्रकाशक आणि उत्तरायुष्यात वृत्तछायाचित्रकार. अश्लीलतेच्या गुन्ह्यात त्यांना झालेली शिक्षा अमेरिकी कायद्याच्या इतिहासात महत्त्वाची ठरली, कारण तिथे मजकुराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या विक्रीची रीत दोषी धरली गेली.

‘एस्क्वायर’ मासिकात संपादनाचे काम केल्यावर त्यांनी १९६२ मध्ये प्रेम आणि कामजीवन या विषयाला वाहिलेले ‘इरॉस’ हे त्रैमासिक काढले. पुठ्ठा बांधणीचा मोठा अंक, आत एकही जाहिरात नाही आणि वर्गणीदारांना तो टपालाने घरपोच. मांडणी हर्ब लुबालिन यांची होती. तिसऱ्या अंकात बर्ट स्टर्न यांनी टिपलेली मेरिलिन मन्रोची छायाचित्रे आली. नापसंत छायाचित्रांवर तिने स्वतः मारलेल्या फुल्यांसकट त्यांतली काही छापली होती. चौथ्या अंकात कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी स्त्री यांची विवस्त्र छायाचित्रमाला होती. तोच अंक शेवटचा ठरला.

वर्गणीदार मिळवण्यासाठी गिन्झबर्ग यांनी लाखो पत्रके टपालात टाकली. त्यांवर चटकदार शिक्का उमटावा म्हणून आधी पेनसिल्व्हेनियातल्या ‘इंटरकोर्स’ (म्हणजेच ‘संभोग’) आणि ‘ब्लू बॉल’ या गावांच्या टपाल कचेऱ्यांकडे परवानगी मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा न्यू जर्सीतले ‘मिडलसेक्स’ गाठले. हा खोडसाळपणाच पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

अश्लील साहित्य टपालाने पाठवण्यास बंदी करणारा कॉमस्टॉक कायदा १८७३ चा. त्याखाली चौथा अंक, एक वार्तापत्र आणि एक पुस्तक यांबद्दल गिन्झबर्ग यांच्यावर २८ आरोप ठेवण्यात आले. १९६३ मध्ये फिलाडेल्फियातील न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची कैद आणि दंड अशी शिक्षा दिली.

२१ मार्च १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा आशय असा, की विक्रेता कामुकतेवरच भर देऊन माल खपवत असेल, तर अश्लीलता ठरवताना ते वर्तनही विचारात घेता येते. ‘फॅनी हिल’ ही जुनी कादंबरी त्याच दिवशी, त्याच न्यायालयात अश्लीलतेच्या ठपक्यातून सुटली.

शिक्षा पुढे तीन वर्षांवर आली. १९७२ मध्ये गिन्झबर्ग आठ महिने तुरुंगात होते. दरम्यान त्यांनी काढलेल्या ‘फॅक्ट’ या नियतकालिकाला राजकारणी बॅरी गोल्डवॉटर यांच्या बदनामीबद्दल ७५,००० डॉलरचा फटका बसला होता. लुबालिन यांच्यासह काढलेले ‘अव्हाँ गार्द’ हे नियतकालिकही बंद पडले, मात्र त्याच्या नावाच्या अक्षरांतून घडलेला टंक जगभर वापरात आला. उतारवयात गिन्झबर्ग यांनी कॅमेरा हाती घेतला आणि ‘न्यूयॉर्क पोस्ट’साठी शहराची छायाचित्रे टिपली. त्यांचे ‘आय शॉट न्यूयॉर्क’ हे छायाचित्रांचे पुस्तक १९९९ मध्ये निघाले.