लोखंडाला प्रकाशाचे पाणी

लोखंड लाल तापवून एकदम पाण्यात बुडविले म्हणजे ते कठीण होते, ही गोष्ट गावोगावचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. धातू सावकाश निवाला तर त्याचे गुण एक, एकाएकी निवाला तर दुसरे. या जुन्या विद्येला पुणे विद्यापीठात अगदी नवे रूप मिळाले.

इ. स. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर सिद्ध केला. पाचच वर्षांनी स्मिथ व टर्नर यांनी अशा किरणाने पदार्थाची वाफ करून तिचा पातळ थर बसविता येतो, हे दाखविले. मात्र या रीतीस निर्वात पात्र लागे. पुण्याच्या संशोधकांनी लोखंड चक्क पाण्याखाली ठेविले आणि त्यावर लेसरचा झोत सोडला. पी. पी. पाटील, सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे आदींचा हा प्रयोग १९८७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

झोत क्षणाच्या अत्यल्प अंशापुरताच टिकतो. तेवढ्यात लोखंडाचा पृष्ठभाग वितळतो, पाण्यातील प्राणवायूशी संयोग पावतो आणि भोवतालच्या पाण्याने तत्काळ निवतो. लोह व प्राणवायू यांचे समप्रमाण असलेले संयुग एरवी सुमारे ५७० अंश सेंटिग्रेडच्या खाली टिकत नाही. सावकाश निवताना ते फुटते. येथे त्यास फुटावयास अवसरच मिळाला नाही.

पुणेकरांची दृष्टी पृष्ठभागावरील थरावर होती. पुढे इतरांची दृष्टी पाण्याकडे वळली. झोताने उडालेला धातू द्रवात सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत राहतो, आणि त्या कणांनाच मोल आले. हे कण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापाने मोजावे लागतात. लोखंडाचे कण पाण्यात गंजतात. म्हणून अ‍ॅसिटोनसारखे द्रवही योजिले जातात.

इतक्या लहान कणांचे चुंबकत्व उष्णतेने सतत दिशा पालटते, असे लुई नेएल यांनी १९४९ मध्ये प्रतिपादिले होते. बाहेरील चुंबक दूर होताच ते आपले आकर्षण टाकतात; त्यामुळे एकमेकांस चिकटून गोळा होण्याचे भय कमी होते. शरीराच्या अंतर्भागाची चित्रे घेताना लोहसंयुगाचे असे कण उपयोगी पडले आहेत.

द्रवातील या विद्येचा इतिहास लिहिणारे अनेक लेखक आरंभ पुण्याच्या त्या प्रयोगापासूनच करतात. निर्वात पात्राची अडचण पाण्याच्या पात्राने दूर केली, यातच त्या प्रयोगाचे थोरपण आहे.