आयपी मल्टिकास्ट

आयपी मल्टिकास्ट ही संगणक जाळ्यात एका स्रोताकडील माहिती अनेक इच्छुक संगणकांपर्यंत एकाच वेळी पोहोचवण्याची पद्धत आहे. युनिकास्ट पद्धतीत प्रेषकाला प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. ग्राहक हजार असतील तर प्रतीही हजार. ब्रॉडकास्टमध्ये ती प्रत नको असलेल्यांच्याही माथी मारली जाते. मल्टिकास्टमध्ये प्रेषक एकच प्रत पाठवतो आणि जेथे मार्गाला फाटे फुटतात तेथेच राउटर तिच्या आणखी प्रती काढतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी ही कल्पना विकसित केली. ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आरएफसी १११२’ हा तिचा पायाभूत दस्तऐवज होय.

गटाचा पत्ता

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते मल्टिकास्टसाठी राखून ठेवलेले आहेत. ‘पत्ता’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे, कारण असा पत्ता कोणत्याही एका संगणकाचा नसतो. ते गटाचे नाव असते. गटात कोण आहेत, किती आहेत, हे प्रेषकाला ठाऊक नसते. स्वतः गटाचा सदस्य नसलेला संगणकही गटाला माहिती पाठवू शकतो.

सदस्यत्व

सदस्यत्वाची नोंद ग्राहकाच्या बाजूने होते. गटात सामील होऊ इच्छिणारा संगणक आपल्या जवळच्या राउटरला ‘आयजीएमपी’ या नियमावलीनुसार तसे कळवतो. राउटर ठरावीक काळाने (सामान्यतः दर १२५ सेकंदांनी) सर्वांना विचारणा करतो. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत उत्तर देण्याची रीत मोठी चतुर होती. प्रत्येक सदस्य काही क्षण, यादृच्छिक काळ, थांबतो. तेवढ्यात त्याच गटासाठी दुसऱ्या कोणाचे उत्तर ऐकू आले तर स्वतः गप्प राहतो. राउटरला सदस्यांची शिरगणती नको असते. त्या बाजूला निदान एक सदस्य उरला आहे एवढेच कळले की पुरते.

पहिल्या आवृत्तीत गट सोडल्याचे सांगण्याची सोय नव्हती. त्यामुळे शेवटचा सदस्य निघून गेल्यावरही काही काळ माहितीचा ओघ व्यर्थ वाहत राही. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत निरोपाचा संदेश आला, तर २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत कोणत्या प्रेषकाची माहिती हवी हे निवडण्याची मुभा मिळाली. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हेच काम ‘एमएलडी’ करते.

मार्गनिर्धारण

नेहमीच्या मार्गनिर्धारणात पॅकेट कोठे जायचे आहे हे राउटर पाहतो. मल्टिकास्टमध्ये ते कोठून आले हे आधी पाहतो. स्रोताकडे जाणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गानेच पॅकेट आले असेल तर ते पुढे जाते, अन्यथा टाकून दिले जाते. या तपासणीमुळे पॅकेटे जाळ्यात गोल फिरत राहत नाहीत आणि मार्गांचा एक वृक्ष तयार होतो.

हा वृक्ष उभारण्यासाठी ‘पीआयएम’ ही नियमावली मुख्यतः वापरली जाते. तिच्या दाट प्रकारात माहिती आधी सर्वत्र सोडली जाते आणि सदस्य नसलेल्या फांद्या मागाहून छाटल्या जातात. विरळ प्रकारात मागणी आल्याशिवाय फांदी फुटतच नाही. प्रेषक व सदस्य यांची गाठ एका ठरलेल्या ‘संकेतस्थानी’ असलेल्या राउटरवर पडते. मोठ्या जाळ्यांत विरळ प्रकारच व्यवहार्य ठरला.

वापर आणि मर्यादा

१९९२ मध्ये ‘एमबोन’ या प्रायोगिक जाळ्यावरून परिषदांचे ध्वनिप्रक्षेपण सुरू झाले. तरीही सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट रुजले नाही. प्रत्येक गटाची नोंद वाटेतील राउटरांना ठेवावी लागते, आगंतुक प्रेषकांना आवरणे अवघड जाते आणि या सेवेचा आकार कोणी कोणाला लावायचा हेही ठरत नाही. आजचे इंटरनेटवरील चित्रपट व सामने बहुतांशी युनिकास्टनेच पोहोचतात.

एकाच व्यवस्थापनाखालील जाळ्यांत मात्र ते स्थिरावले आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे उदाहरण बोलके आहे. तेथे दलालांना प्रत्येक व्यवहाराची माहिती पूर्वी युनिकास्टने, एकामागून एक अशी जात असे. साहजिकच रांगेत पुढे असणाऱ्याला ती क्षणभर आधी मिळे. हा क्रम पुढे ‘सेबी’च्या चौकशीचा विषय झाला. २०१४ मध्ये बाजाराने ही माहिती मल्टिकास्टने देण्यास आरंभ केला. मल्टिकास्टमध्ये पोच मिळत नसल्याने गहाळ झालेले पॅकेट आपोआप पुन्हा येत नाही. म्हणून जगातील अनेक शेअर बाजार एकच प्रवाह दोन वेगळ्या गटांवर समांतर पाठवतात.