दिनविशेष : ९ जुलै

२०२४ : म्युनिकमध्ये युरो चषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनच्या लामिन यामालने २१व्या मिनिटाला फ्रान्सशी बरोबरी साधणारा गोल केला. वय १६ वर्षे ३६२ दिवस. युरोच्या इतिहासातला तो सर्वांत लहान गोलकर्ता ठरला. स्पेनने सामना २-१ असा जिंकला.

विक्रम उद्या मोडेलही, पण हा गोल पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. उजव्या बगलेवरून डावखुरा यामाल आत वळला. समोर फ्रान्सचा उंचापुरा राबियो. त्याला हूल देऊन पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला वळणदार फटका खांबाला लागून जाळ्यात गेला. डावखुरा विंगर उजवीकडे का खेळवतात, हे नवख्या प्रशिक्षकाला दाखवायला एवढी एकच चित्रफीत पुरे.

गोल झाल्यावर तो बोटांनी ३०४ हा आकडा दाखवतो. मातारो शहरातल्या रोकाफोंदा या त्याच्या कष्टकरी, स्थलांतरितांच्या वस्तीच्या पिन कोडचे हे शेवटचे अंक. तिथल्या मुलांना हा आकडा आता अभिमानाने मिरवता येतो, हे मोठेच काम झाले.

काळजी मात्र वाटते. यामालच्याच बार्सिलोना क्लबचा अन्सू फाती सोळाव्या वर्षी असाच चमकला होता. अठराव्या वर्षी गुडघा दुखावला आणि पुढची वर्षे दुखापतींत गेली. कोवळ्या पायांना किती सामने खेळवायचे, याचे उत्तर क्लबांनी अजून दिलेले नाही.